पंचवीस लिहा

(दृश्य : दुपारची वेळ, दुसरीचा वर्ग. चौकटींच्या वहीचं उघडं पान. पेन्सिल धरलेली बोटं अगदी जवळून.)

बाई म्हणाल्या, "लिहा, पंचवीस." वहीत आलं ५२.

यावर लाल फुली मारली की बाईंचं काम संपतं आणि उद्या पुन्हा ५२ येतं. मुलाने ऐकण्यात चूक केलेली नाही. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. कानाने ज्या क्रमाने घेतलं त्याच क्रमाने हाताने उतरवलं. एकोणतीसची अडचण याहून अवघड. कानावर 'तीस' पडतं आणि वहीत ३९ उमटतं. बरं, हा 'एकोण' एकोणनव्वदपर्यंत सोबत करतो आणि पुढे हात सोडतो, कारण नव्व्याण्णवला कुणी एकोणशंभर म्हणत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. वाद काहीही असो, ज्या अडचणीतून तो निघाला ती या पानावर दिसते आहे.

आता या मुलाला गृहपाठ काय मिळतो? बहुतेक ठिकाणी एकच : 'एक ते शंभर पाच वेळा लिहून आणा.'

(दृश्य : घर. मूल जमिनीवर पालथं झोपून लिहितंय.)

हात कसा चालतोय ते बघा. आधी वरून खाली दहा वेळा २. मग शेजारच्या रकान्यात ० ते ९. मग दहा वेळा ३. सात वर्षांच्या मुलाने शोधलेली ही युक्ती हुशारीची आहे, पण यात त्याने एकही संख्या लिहिलेली नाही. पंचवीस, सव्वीस हे शब्द त्याच्या मनात आलेच नाहीत. 'कमळ' दहा वेळा लिहायला सांगितलं तरी हेच होतं : दहा 'क', दहा 'म', दहा 'ळ', आणि शेवटी सगळ्यांवर एक एक लांब शिरोरेषा.

शुद्धलेखनात आणखी एक गोष्ट घडते. बाईंनी वर सुंदर ओळ घालून दिलेली असते. दोन-तीन ओळी मूल ती बघून काढतं. त्यानंतर नजर वरपर्यंत जात नाही, ते आपलीच आधीची ओळ बघून लिहितं. चौथ्या ओळीत 'घर'चा 'धर' झाला की दहाव्या ओळीपर्यंत 'धर'च. म्हणजे दहा ओळींत सात वेळा चुकीचा सराव झाला, आणि तोही मन लावून.

म्हणून ओळी तीनच द्याव्यात. पहिली बघून. दुसरी नमुन्यावर हात ठेवून, आठवून. मग हात काढून नमुन्याशी ताडून पाहायचं आणि तिसरी पुन्हा लिहायची. तिन्हींतल्या सगळ्यात चांगल्या शब्दाभोवती मुलाने स्वतः गोल करायचा. पाच-सात मिनिटांत काम होतं. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या एकाच दिवशी देऊ नयेत. 'घ' हातात बसला की चार-आठ दिवसांनी 'ध'.

मुळात या वयात लेखी गृहपाठ किती असावा? केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ नाही. काल संध्याकाळी काय खेळलात, काय जेवलात, हे मुलांना वर्गात बोलू द्यावं, असं ते धोरण सांगतं. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. हे दोन तास दिवसाला वाटले की एकेका दिवसाच्या वाट्याला साधारण वीस मिनिटं येतात, आणि तीही सगळे विषय मिळून. पण पालकसभेत पहिलं वाक्य हमखास ऐकू येतं : "अभ्यास फार कमी देता हो तुम्ही." गृहपाठाची वही भरलेली दिसली की शाळा चांगली, असा हिशेब घराघरांत पक्का बसलाय. या दबावापुढे शिक्षकही नमतात.

वही भरली तरी ती तपासायची कुणी? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. तीस वह्या, प्रत्येक वहीला दोन मिनिटं, झाला एक तास. तो तास कुणाकडेच नसतो, मग पानभर एक मोठी बरोबरची खूण, खाली सही. आपली वही कुणी वाचत नाही, हे मुलाला आठ दिवसांत कळतं. त्यापेक्षा रोज सहाच वह्या मुलाला शेजारी बसवून नीट बघाव्यात. पाच दिवसांत तीसही होतात.

(दृश्य : आई खोडरबर हातात घेते.)

घरी सगळ्यात मोठा घोळ या खोडरबराने होतो. "अरे, हे काय लिहिलंस?" म्हणत आई चूक खोडते, मुलाचा हात धरून बरोबर उत्तर लिहून घेते. दुसऱ्या दिवशी बाईंना स्वच्छ वही दिसते आणि त्या पुढचा धडा घेतात. ५२ लिहिणारं मूल मागेच राहतं, आणि ते कुणाला दिसतही नाही. प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. तिसरीतल्या मुलाच्या नावाने पुठ्ठ्याचा जो किल्ला येतो, त्याचे बुरूज बाबांनी रात्री अकराला कापलेले असतात.

पालकांनी करायचं ते थोडंच आहे. वेळ ठरवायची, शक्यतो जेवणाआधीची. २०२४-२५ पासून राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले, ते मुलांची झोप व्हावी म्हणून. ती झोप रात्रीच्या गृहपाठात घालवायची नाही. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. घड्याळात वीस मिनिटं झाली की वही मिटायची, झालं असेल तिथे. आणि पानाखाली एक ओळ : '२० मिनिटं बसला, तीन गणितं झाली, चौथ्याला अडला.' शिक्षकाला खाडाखोड न केलेल्या त्या पानातून जे कळतं, ते चाचणीतूनही कळत नाही.

ज्या घरात वाचता येणारं मोठं माणूस नाही, किंवा आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत आणि मूल आजीकडे आहे, तिथे 'पालकांची सही आणा' या अपेक्षेला काही अर्थ नाही. तिथे गृहपाठ आजीला येणारा हवा. घरातल्या पाच भाज्यांची नावं विचारून ये. चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग कर. आजीला दोन ओव्या येत असतील तर एक पाठ करून ये.

(दृश्य : वर्गात कलकलाट. फळ्यावर मॉनिटरने लिहिलेली नावं.)

शिस्तीचंही गृहपाठासारखंच आहे. "शांत बसा", "नीट वागा" हे सहा वर्षांच्या मुलाला करता येत नाही, कारण त्यात करायचं काय ते सांगितलेलं नाही. "पेन्सिल खाली, हात मांडीवर, डोळे फळ्याकडे" हे करता येतं. नियम तीन किंवा चार. भिंतीवर रंगवलेले बारा सुविचार पाहुण्यांसाठी असतात.

आणि मॉनिटर. बोलणाऱ्यांची नावं लिहिण्याचं काम सात वर्षांच्या मुलावर टाकलं की मित्राचं नाव सुटतं, भांडणाऱ्याचं दोनदा येतं. बाई वर्गात आल्या की नावांवरून नवा वाद. वर्गातून ही पद्धत लवकर जाईल तेवढी बरी.

जेवणाच्या सुट्टीतली ढकलाढकली घ्या. बत्तीस मुलं, चार नळ. घंटा झाली की सगळी एकदम सुटतात, मग रेटारेटी होते, कुणाचं ताट पडतं, कुणी रडतं, आणि आपण म्हणतो मुलांना शिस्त नाही. तीच मुलं चार-चार सोडा. आठ फेऱ्या, प्रत्येकी अर्धा मिनिट, चार मिनिटांत हात धुऊन सगळी पंगतीत. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ही रांग रिकाम्या ताटांनी रोज दोनदा खेळून घ्यावी लागते. शिक्षकाने आधी स्वतः करून दाखवायचं, मग एका गटाने, मग सगळ्यांनी. पावसाळ्यात ओट्यावर निसरडं झालं की फेऱ्या बदलतात, तेव्हा पुन्हा एकदा.

शूला जाण्याचंही तसंच. पहिलीतली कितीतरी मुलं विचारायला लाजतात आणि वर्गात ओली होतात. दाराशी एक लाकडी ठोकळा ठेवा. ठोकळा जागेवर असेल तर तो बाकावर ठेवून न विचारता जायचं, आल्यावर परत दाराशी. एका वेळी एकच जण बाहेर, आणि शिकवण्यात खंड नाही.

शिक्षेबद्दल कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. अंगठे धरायला लावणं, उठाबशा, वर्गासमोर खिल्ली, सगळं त्यात येतं. 'शंभर वेळा लिही' ही शिक्षा मात्र अजून साळसूदपणे चालते. ज्या हाताला लिहिणं आवडावं म्हणून आपण धडपडतो, त्याच हाताला लिहिणं शिक्षा म्हणून द्यायचं!

दप्तराकडे एकदा बघून घेऊ. धोरणाप्रमाणे पहिली-दुसरीचं दप्तर १.६ ते २.२ किलोचं. त्यात पाऊण लिटरची भरलेली बाटली म्हणजे पाऊण किलो गेलंच. शाळेत प्यायचं पाणी असेल तर बाटली रिकामी न्यावी. आणि दप्तर मुलाने भरावं, आपण नुसतं बघावं.

(दृश्य : दुसरा दिवस, सकाळ. बाईंच्या टेबलाशी तेच मूल. वहीच्या तळाशी आईच्या अक्षरात : 'एकोणतीसला अडला.')

बाई खडू घेत नाहीत. खोक्यातून काड्यांचे तीन गठ्ठे काढतात, प्रत्येकात दहा, वर रबर. "किती झाल्या?" "तीस." "यातली एक काडी मला दे."

काडी ओढून निघत नाही. रबर काढावं लागतं. तिसरा गठ्ठा सुटतो, काड्या टेबलावर पसरतात. एक काडी बाईंच्या हातात जाते. मूल समोरचं मोजतं : दोन गठ्ठे, आणि सुट्या नऊ. मग पेन्सिल उचलतं आणि आधी २ लिहितं.