बसऱ्याला गेलेला माणूस

(पडद्यावर: चिऱ्याच्या भिंतीत बसवलेली जुनी दगडी पाटी. मागे माडाची बाग.)

दापोली तालुक्यातलं गाव. पाटी पहिल्या महायुद्धाची. या गावातून 1914 ते 1919 या काळात किती माणसं लढाईवर गेली आणि किती कामी आली, एवढंच तिच्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत.

कामी आलेल्यांत आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ होते. घरात त्यांच्याविषयी एकच वाक्य चालत आलं: "ते बसऱ्याला गेले, ते गेलेच." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर.

असा माणूस शोधायचा म्हटलं की सगळे सातबारा काढायला सांगतात. पण हे गाव खोतीचं. जुन्या कागदांवर आधी भेटतो तो खोत, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा. जमीन कसणाऱ्या कुळाचा माग काढायचा तर फेरफाराची वही उघडावी लागते, गाव नमुना 6. कूळ जिवंत असताना त्याच्याबद्दल कागद फारसं बोलत नाही. ते वारलं, जमीन दुसऱ्याच्या नावे करायची वेळ आली, की मात्र बापाच्या नावासकट सगळं लिहिलं जातं.

(पडद्यावर: कडा झिजलेलं पान, मोडी अक्षर, त्यावर फिरणारं बोट.)

आधी ओळभर शिरोरेघ ओढलेली, मग हात न उचलता अक्षरं तिला टांगलेली. मोडीचा जाणकार सोबत नसेल तर इथे येऊन उपयोग नाही. त्यांनी बोट ठेवून वाचलं: "मयत. वारस बायको. सबब नाव दाखल."

नोंद 1919 सालची. पण ही तारीख मरणाची नव्हे, तलाठ्याने वहीत लिहिल्याची. इथे भलेभले फसतात.

मरणाची तारीख मिळाली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, ऑनलाइन यादीत. त्याच नाव-आडनावाचे शिपाई ढिगाने. आमचा कुठला, ते ठरलं बापाच्या नावावरून आणि गावावरून. दोन्ही फेरफाराशी जुळली. 103 मराठा लाइट इन्फन्ट्री, फेब्रुवारी 1916.

म्हणजे कूतचा वेढा. इराकमधलं टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव, आत इंग्रजांची फौज, भोवती तुर्की फौज. डिसेंबर 1915 पासून रसद बंद. शेवटी घोडे कापायची पाळी आली. ते मांस धर्मात बसेना म्हणून कित्येक हिंदी शिपायांनी खाल्लं नाही. त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरला. 29 एप्रिलला आतल्या फौजेने शरणागती पत्करली. ती पाहायला आमचे चुलत पणजोबा उरले नव्हते.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा. गावच्या पाटीवर तरी सगळ्यांना एकच माप लावलं होतं.

आणि "वारस बायको"? घरातल्या गोष्टींत ती कुठेच नाही. वहीत मात्र ती तीसेक वर्षं टिकून आहे. 1949 चा खोती निर्मूलन कायदा आला, खोताचं नाव कमी झालं आणि कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या रकान्यात, तिचं चढलं. तिच्यामागे दिराची मुलं, मग त्यांची मुलं. आज त्या नऊ गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर निम्मी भावकी आहे, विरारपासून पुण्यापर्यंत पांगलेली. कसलाही अर्ज करायचा तर सह्या गणपतीतच होतात.