जावक क्रमांक नसलेलं पत्र

(दृश्य : दादरमधलं जुनं घर. टेबलावर चष्मा, लाल पेन आणि दोन पानी छापील कागद.)

हा कागद माझ्या बाबांना आला. टपालाने नाही, ई-मेलने. वर राजमुद्रा, खाली तीन गोल शिक्के, मध्ये कायद्याच्या कलमांची रांग. लहान मुलांच्या अश्लील चित्रफिती तुम्ही इंटरनेटवर पाहिल्या आहेत, असा आरोप. चोवीस तासांत लेखी खुलासा पाठवा, नाहीतर अटक.

बाबा बहात्तर वर्षांचे. सगळी नोकरी मंत्रालयात, कारकून म्हणून. सरकारी कागदाचा मान राखण्यातच आयुष्य गेलेलं. दोन दिवस त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. लाज एवढी की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायलाही गेले नाहीत. मोबाइलवर बोटांनी अक्षरं मोठी करून तेच तेच वाचत बसायचे. आईने मला फोन केला, "अरे, हे जेवत नाहीयेत. तू ये जरा."

मी गेलो. बऱ्याच वेळाने त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. तो क्षण मला अजून विसरता येत नाही. ज्या माणसाने कधी ऑफिसचं पेन घरी आणलं नाही, त्याला स्वतःच्या मुलाकडे बघवत नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, हे खोटं आहे." त्यांना पटेना. मग मी पत्र छापून आणलं आणि टेबलावर ठेवलं. कागद हातात आल्यावर मात्र त्यांनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं.

"जावक क्रमांक कुठाय?"

(दृश्य : कागदावर फिरणारं लाल पेन. जवळून.)

जावक क्रमांक नव्हता. संदर्भ नव्हता. सहीखाली कंसात नाव नव्हतं. प्रत कुणाला दिली त्याचा उल्लेख नव्हता. तिन्ही शिक्के अगदी सारखे तिरके. बाबा म्हणाले, "माणूस हाताने शिक्का मारतो तेव्हा तीनदा तीन तऱ्हेचा उमटतो. हा एकच शिक्का उचलून तीनदा चिकटवलाय." आणि मग, जरा आवाज चढवून, "हे पत्र माझ्या टेबलावरून पुढे गेलं नसतं."

दोन दिवसांनी त्या घरात पहिल्यांदा कुकरची शिट्टी वाजली.

(दृश्य : संगणकाचा पडदा. मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यांतून उघडणारं 'शो ओरिजिनल'.)

मेललाही आवक-जावक असते, फक्त ती झाकलेली असते. जीमेलमध्ये संगणकावर 'शो ओरिजिनल' दाबलं की ती उघडते. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून पुढे सरकतो, तो प्रत्येक सर्व्हर आपली वेळ आणि नाव लिहून ठेवतो, पाकिटावर वाटेतल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के पडतात तसं. नोंदी खालून वर वाचायच्या. अगदी खालच्या नोंदीही खोट्या लिहिता येतात. आपल्या बाजूच्या सर्व्हरने वर घातलेल्या नोंदी भरवशाच्या. आणि पाठवणाऱ्याचं जे नाव आपल्याला ठळक दिसतं, ते पाठवणाऱ्यानेच लिहिलेलं असतं. तिथे कुणीही काहीही लिहू शकतं.

तिथेच तीन तपासण्यांचे निकाल दिसतात : एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. पहिली विचारते, या सर्व्हरला त्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे का. दुसरी मेलवरची मोहोर, म्हणजे डिजिटल सही, तपासते. तिसरी पाहते की ही परवानगी किंवा ही मोहोर, निदान एक तरी, दिसणाऱ्या पत्त्याच्याच घरची आहे का. आणि नसेल तर मेलचं काय करायचं ते पत्त्याच्या मालकाने काय सांगून ठेवलंय. बाबांच्या मेलमध्ये तिन्हींपुढे 'पास' होतं. मीही क्षणभर थबकलो. पण पास म्हणजे पत्ता खरा, एवढंच. पत्ता होता फुकट मिळणाऱ्या साध्या खात्याचा, त्याला नाव दिलेलं पोलिसांचं. शासनाच्या कचेऱ्यांचे अधिकृत पत्ते 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतात. अशा नोटिसा बनावट असल्याचं भारत सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने वारंवार जाहीर केलं आहे. आणि व्हिडिओ कॉलवर धाक घालून माणसाला घरातच बसवून ठेवायची ती 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक आपल्या कायद्यात कुठेही नाही.

(दृश्य : मंत्रालय, तिथून हुतात्मा चौक, पुढे मिंट रोड.)

बाबा रोज हे मंत्रालय गाठायचे. इथून चालत हुतात्मा चौकाकडे गेलं की विदेश संचार भवन लागतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तोवर नको असलेला मेल हा प्रकार सतरा वर्षांचा झाला होता : ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने संगणकांची जाहिरात जवळपास चारशे पत्त्यांवर एकदम धाडली. लोक चिडले, पण त्याला गिऱ्हाइकं मिळाली. पुढचं सगळं त्यातून आलं.

आणखी थोडं चाललं की रिझर्व्ह बँक. हिच्या नावाने लॉटरीचे, वारसाहक्काचे, अडकलेल्या कोट्यवधींचे मेल किती आले असतील. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं बचत खातं ठेवत नाही, त्याचे पैसे तिच्याकडे अडकत नाहीत आणि ते सोडवायला ती शुल्क मागत नाही. २०२५ मध्ये तिने देशातल्या बँकांसाठी 'बँक डॉट इन' असा राखीव पत्ता आणला, तो बँकांच्या नावाने होणारी फसवणूक रोखायलाच.

मला पूर्वी वाटायचं, असले मेल इतके ढोबळ का लिहितात? एवढी चुकीची भाषा, एवढी अशक्य रक्कम. कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकाने २०१२ मध्ये त्याचं उत्तर मांडलं, आणि मला ते पटतं. लाखो मेल पाठवायला भामट्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो पुढे, माणसाशी बोलण्यात. म्हणून संशय घेणारे पहिल्याच पायरीवर गळून गेलेले त्याला हवेच असतात. उत्तर देणारा तेवढा त्याच्या कामाचा. म्हणून उत्तर देऊच नका. खुलासा नको, विनवणी नको, शिवीही नको. शिवीसुद्धा त्याला एवढं सांगते की या पत्त्यावर माणूस आहे आणि तो मेल वाचतो.

जाहिरातींच्या कचऱ्याचं थोडं वेगळं. ओळखीच्या दुकानाचा, आपणच कधीतरी पत्ता दिलेल्या कंपनीचा मेल असेल तर 'अनसबस्क्राइब' खुशाल दाबा. २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर जाहिराती पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे. अनोळखी मेलमधली कसलीही लिंक दाबू नका, सरळ स्पॅममध्ये टाका. फोन आणि एसएमएसवरच्या नकोशा जाहिराती बंद करायला आपल्याकडे १९०९ हा नंबर आहे, ई-मेलसाठी तसं काही नाही. ही उणीव मला खटकते.

(दृश्य : मशीद बंदर. हातगाड्या, पोती, मसाल्याचा वास जणू पडद्यावर.)

इथल्या एका निर्यातदाराला ढोबळ मेल आलाच नाही. त्यांच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी शिरलं आणि गुपचूप वाचत राहिलं. कोणता माल, कोणती रक्कम, गिऱ्हाईक कसं बोलतं, सगळं. कंटेनर न्हावाशेवाहून सुटला आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला मेल गेला : आमच्या खात्याचं ऑडिट चाललंय, या वेळी पैसे दुसऱ्या खात्यात भरा. मजकूर त्यांच्याच धाटणीचा, खाली त्यांचीच सही. पत्त्यात मात्र इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मी स्वतः तीनदा पाहिलं तेव्हा कळलं.

गिऱ्हाइकाने पैसे भरले. माल पोचला, पैसे आले नाहीत, आणि दहा वर्षांचा व्यवहार असलेली दोन सचोटीची माणसं एकमेकांना चोर म्हणू लागली. ते शेठ मला म्हणाले, "दहा वर्षांत आम्ही फोनवर कधी बोललोच नाही हो. सगळं मेलवर." आता त्यांच्या प्रत्येक बिलावर एक ओळ छापलेली असते : आमचं खातं बदललं असं कुणी कळवलं, तर आधी जुन्या नंबरवर फोन करा.

पैसे गेलेच, तर १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत नंबर लगेच फिरवायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. वाटेत अडवायचे तर मिनिटं महत्त्वाची. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, मुंबईत प्रादेशिक सायबर पोलीस ठाणीही आहेत. संगणक वापरून तोतयेगिरी करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रागाच्या भरात मेल पुसून टाकू नका. नुसता स्क्रीनशॉट काढला तर ती आतली आवक-जावक त्यात येत नाही. मूळ मेल डाउनलोड करून ठेवा.

(दृश्य : पुन्हा दादरचं घर. रविवार सकाळ. दारात शेजारच्या काकू, हातात मोबाइल.)

इन्कम टॅक्सचा रिफंड मंजूर झालाय, खात्याचा तपशील भरा, असा मेल त्यांना आलाय. काकू घाबरलेल्या नाहीत, उलट जरा खूश आहेत. बाबा त्यांना बसायला सांगतात.

"आधी सांगा, उत्तर नाही ना दिलं?"

"नाही बाई. म्हटलं, तुम्हांला दाखवावं."

"लिंक?"

"तीही नाही दाबली."

बाबा आतल्या खोलीकडे बघून आईला दोन कप चहा टाकायला सांगतात, चष्मा पुसतात आणि मोबाइल जरा लांब धरून पत्ता अक्षर अक्षर मोठ्याने वाचायला लागतात.