खारं पाणी, दोन स्पंज आणि दोन मिलीअँपिअर

(दृश्य: दादर स्टेशन, संध्याकाळची गर्दी, इंडिकेटर)

बदलापूर फास्ट, बारा डबे, प्लॅटफॉर्म बदललाय. हे ऐकायचं, पूल चढायचा, धक्के खात पलीकडे उतरायचं आणि तोवर तिन्ही गोष्टी डोक्यात धरून ठेवायच्या. मेंदूच्या या कामाला वर्किंग मेमरी म्हणतात. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिची मांडणी केली. एका वेळी तिच्यात जेमतेम चार गोष्टी मावतात, असं आज बरेच संशोधक मानतात.

लालबागच्या या १४ वर्षांच्या मुलाच्या चार टिकत नाहीत. आई सांगते, "दूध आण, इस्त्रीचे कपडे घे, जाता जाता काकूंना डबा दे, म्हटलं की हा दूध घेऊन येतो. डबा हातातच!" गणित समजतं, पण बेरजेत हातचा राहून जातो. शाळेचा शेरा ठरलेला: लक्ष नाही.

आईने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. डोक्याला पट्टा लावा, स्मरणशक्ती वाढवा. डॉक्टरांपुढे बसल्यावर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे शॉकच ना हो?"

नाही. शॉक ट्रीटमेंट भूल देऊन करतात आणि तिच्यात मुद्दाम झटका आणला जातो. इथे पट्ट्यातून डोक्याला अगदी हलका करंट देतात. या पद्धतीला टीडीसीएस म्हणतात. माणूस जागा असतो, गप्पा मारतो.

(दृश्य: क्लिनिक. खुर्चीत आमचा असिस्टंट)

खुर्चीत मुलगा नाही, आमचा कॅमेरा असिस्टंट आहे. शूटिंगसाठी पोराच्या डोक्यातून करंट सोडणं आम्हाला पटलं नाही. टेपने डोकं मोजलं जातं, कपाळाच्या वर डावीकडे पेनने खूण होते. मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज, त्यात रबरी इलेक्ट्रोड. दुसरा उजव्या भुवईच्या वर. पट्टा आवळला की खारं पाणी कानामागे ओघळतं. करंट एक ते दोन मिलीअँपिअर, वेळ साधारण २० मिनिटं. "मुंग्या येतायत," तो म्हणतो. थोड्या वेळाने त्याही थांबतात.

एवढ्याशा करंटने मेंदूतल्या पेशी पेटून उठत नाहीत. पेटायला थोड्या जास्त किंवा कमी तयार होतात, इतकंच. शिवाय बराचसा करंट कातडी आणि कवटीतच विरतो. दुसरी पद्धत चुंबकाची, १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी दाखवलेली. डोक्याजवळ कॉइल, कानात बोळे, टक टक टक. अमेरिकेत तिला प्रौढांच्या नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि १५ ते २१ वयाच्या रुग्णांमध्ये इतर उपचारांच्या जोडीने २०२४ मध्ये परवानगी मिळाली. नैराश्यासाठी, बरं का. हातचा विसरण्यासाठी नाही.

मग स्मरणशक्तीचा गाजावाजा आला कुठून? २००५ च्या एका प्रयोगात १५ निरोगी तरुणांची वर्किंग मेमरी करंट चालू असताना थोडी सुधारलेली दिसली. संख्या बघा, १५. पुढे २०१५ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एकाच बैठकीचा भरवशाचा परिणाम हाती लागला नाही. अशा प्रयोगांत काहींना खोटा करंट देतात: अर्धा मिनिट मुंग्या, मग मशीन गुपचूप बंद. सुधारणा त्यांच्यातही दिसली, तर श्रेय मशीनला कसं द्यायचं?

मुलांचा मामला आणखी नाजूक. मोठ्यांचा डोस त्यांना तसाच लावता येत नाही, कारण कवटी पातळ असल्याने तेवढाच करंट मेंदूत जास्त पोहोचू शकतो. कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. ऑनलाइन पट्टा मागवून घरी प्रयोग करणं म्हणूनच आम्हाला सरळ धोक्याचं वाटतं. प्रौढांनीही घरी असे प्रयोग करताना जपावं, म्हणून संशोधकांनी २०१६ मध्ये जाहीर पत्र लिहिलं होतं.

डॉक्टर आईला तीन प्रश्न लिहून देतात. हा प्रयोग किती मुलांवर झाला? खोटा करंट दिलेला गट होता का? सहा महिन्यांनी शाळेच्या गणितात फरक राहिला का? कोर्स विकणाऱ्याला आधी हे विचारा, पैशांचं नंतर.

तोवर एका वेळी एकच काम सांगायचं. हातचा मनात न ठेवता समासात लिहायचा. झोप, डोळे, कान तपासायचे. सायनच्या पालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तसं निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारखी सवलत मिळते. मुलगा आता नववीत आहे. शाळेत याच वर्षी विचारून ठेवा, डॉक्टर सांगतात, दहावीचा फॉर्म भरताना धावपळ नको.