'टॉवर' कोण? बंदुकीच्या लॉकवरचे छाप कसे वाचायचे

नमस्कार मंडळी! हे ठासणीच्या बंदुकीचं लॉक, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा. हा गारगोटी धरणारा घोडा, ही रंजकाची प्याली, आणि लॉकच्या पट्टीच्या शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकाला, अक्षरं: 'टॉवर'. नाशिकच्या जुन्या बाजारात हे दाखवून विकणारा हमखास सांगतो, "टॉवर कंपनीचं आहे साहेब, मालेगावच्या वेढ्यातलं!"

टॉवर नावाची कंपनी नव्हती. ते लंडनचं टॉवर, सरकारी शस्त्रागार. 1764 च्या सुमारापर्यंत तिथल्या लॉकवर ठेकेदाराचं नाव आणि साल असायचं. पुढे ते गेलं, 'टॉवर' राहिलं. मुकुटाखाली 'जीआर' म्हणजे राजा जॉर्ज. छोटा मुकुट आणि बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. माल कुणाचा ते कळलं, घडवला कुणी ते नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचा छाप वेगळा. बदामाचे चार खण, त्यांत व्ही, ई, आय, सी (युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी; यू च्या जागी जुन्या वळणाचा व्ही), वर चारचा आकडा. 1808 च्या सुमाराला बदाम जाऊन मुकुट धरलेला सिंह आला. बदामाच्या काळात शेपटीवर बऱ्याचदा विल्सन, बार्नेट अशी नावं आणि साल सापडतं. इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला घातलेला वेढा 1818 चा. तेव्हा बदामवाली जुनी बंदूकही कुणाच्या हातात असेल, पण लॉकवरचं साल ते बनल्याचं, लढाईचं नव्हे. त्या गोष्टीचे जादा पैसे देऊ नका.

खरी मजा पट्टीच्या आत. पूर्ण बंदूक असेल तर आधी नळीत गज घालून बघा; जुना बार अजून आत असू शकतो! मग पलीकडचे दोन स्क्रू सोडवा, लॉक अलगद येतं. आतली बाजू मऊ फडक्याने, थोड्या तेलाने पुसा. लिंबू, पितांबरी, पॉलिश पेपर अजिबात नको, पुसट छाप कायमचा जाईल. बॅटरीचा उजेड तिरका पाडा. एकदोन बारीक अक्षरं दिसली, तर ती बहुधा लॉक घडवणाऱ्या कारागिराची. मुकुट आणि खाली आकडा हा तपासनिसाचा.

सुट्या भागांवर कानशीने मारलेल्या रेघाही असतात, जोडताना खूण म्हणून. स्क्रूवर तीन आणि स्प्रिंगवर दोन निघाल्या, तर बहुधा कुणीतरी नंतर भाग बदललाय. मला ते चालतं; लष्करी बंदुकीची दुरुस्ती होणारच. नव्या नकलेत मात्र बऱ्याचदा अक्षरं उलटी किंवा स्पेलिंग चुकलेलं, आणि आतली पट्टी कोरी. फोटो पाठवाल तर आतल्या बाजूचाच पाठवा.