जुलाबात पाणी तोडू नका

श्रोतेहो, नमस्कार. पहिले पाऊस पडले, विहिरींना गढूळ पाणी आलं, की आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर पोरांना कडेवर घेतलेल्या आया दिसू लागतात. परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या. वर्षाचं पोर, सकाळपासून आठ-दहा जुलाब. रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नाही. टाळू खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. आजी म्हणाल्या, "पाणी पाजलं की लगेच ढाळ होतो, म्हणून दुपारपासून पाणी तोडलंय."

आजींची माया खरी, पण ही समजूत पोरांचे जीव घेते, म्हणून आज तिच्याबद्दलच बोलणार आहे.

जंतू पोटात गेला म्हणजे आजार झालाच, असं नसतं. पहिली गाठ जठरातल्या आम्लाशी पडते. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू तिथे ढिगाने मरतात. लागण व्हायला ते फार मोठ्या संख्येनं पोटात जावे लागतात. रक्ताची आव करणारे शिगेला जंतू मात्र चिवट, त्यांचे शंभरसुद्धा पुरतात. म्हणून शौचानंतर साबणानं हात धुवा, असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. आम्लातून निसटलेल्यांना पुढे आतड्याचा बुळबुळीत थर अडवतो. तिथे आधीपासून नांदणारे आपले स्वतःचे जंतू परक्यांना जागा देत नाहीत. भिंतीत संरक्षक पेशींची ठाणी असतात. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. तान्ह्याला आईच्या दुधातून जंतूंशी लढणारी तयार प्रतिपिंडं मिळतात. आणि जुलाब? घाण बाहेर लोटण्याचा तोही शरीराचा एक मार्गच. म्हणून लहान मुलांना जुलाब बंद करणारी गोळी देऊ नका.

जीव जातो तो बहुधा पाणी आणि क्षार संपल्यामुळे. पटकीचं विष 1959 साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्या विषानं आतडं क्षार आणि पाणी बाहेर सोडत राहतं, पण साखर आत घेणारी वाट शाबूत राहते. साखर आत जाताना मिठाला सोबत नेते, आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. नातेवाईकच पेले भरभरून पाजत होते. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चाराच्याही खाली आले.

ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा, पेजही द्या. डॉक्टरांच्या सल्ल्यानं झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण करा. शौचात रक्त दिसलं, मूल सुस्त पडलं किंवा पिईनासं झालं, तर मात्र रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

आजींच्या हातात आम्ही वाटी-चमचा दिला. पोर चमच्यावर झेपावत होतं, इतकी तहान. चार तास आजी तिथंच मांडी घालून पाजत बसल्या. संध्याकाळी त्यानं त्यांचं लुगडं ओलं केलं, आणि मी सांगायच्या आधीच आजी म्हणाल्या, "मुतला बघा!"