गुगलला वाचता येईल असं लिहा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे, त्यांना एक फोन हमखास आलेला असणार. ‘सर, तुमची वेबसाइट गुगलवर एक नंबरला आणून देतो, गॅरंटी!’ अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हे खुद्द गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे. पैसे भरून वर दिसतात त्या जाहिराती, आणि त्या जाहिराती आहेत असं तिथे लिहिलेलंही असतं. बाकीच्या यादीतली जागा विकत मिळत नाही. ती मिळवावी लागते, आणि त्यासाठीचं बरंचसं काम तुमचं तुम्हाला घरबसल्या करता येतं. त्याच कामाबद्दल आज बोलायचं आहे. उदाहरण घेऊ देवगड-रत्नागिरीकडच्या हापूस बागायतदाराचं. दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पेटी पाठवणारे आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कष्टाच्या मानाने त्यांच्या वेबसाइट फार अबोल आहेत.

अशी एखादी वेबसाइट उघडून बघा. वर आंब्याचा सुंदर फोटो. त्या फोटोवरच रंगीत अक्षरांत बागेचं नाव, भाव, फोन नंबर, ‘घरपोच सेवा’. खाली एक ओळ, ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’. संपलं. माणसाला यातून सगळं कळतं. पण गुगलचा प्रोग्राम पानावर येतो तो मजकूर वाचायला. चित्रात कोरलेली अक्षरं त्याला भरवशाने वाचता येत नाहीत. त्याच्या हाती लागतं फक्त स्वागत! मग पुण्यात बसून कुणी ‘देवगड हापूस घरपोच’ असं शोधलं, तर गुगलने तुमचं पान कशाच्या आधारावर दाखवावं?

म्हणून पहिलं काम हे, की भाव, गाव, पेटीत किती डझन, कुठल्या शहरांत पोचवता, हे सगळं साध्या टाइप केलेल्या अक्षरांत लिहा. फोटो ठेवा, पण प्रत्येक फोटोला एका ओळीचं वर्णन जोडायची सोय असते, ती वापरा. आणि पानाचं शीर्षक, म्हणजे गुगलच्या यादीत जी ठळक निळी ओळ दिसते ती, बऱ्याच ठिकाणी नुसती ‘होम’ अशी असते. तिथे लिहा, ‘देवगड हापूस आंबा, थेट बागेतून पुणे-मुंबईत घरपोच’. इतक्या एका बदलाने फरक पडलेला मी पाहिला आहे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा थांबून सांगतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी आपण जे मराठी फाँट वापरत होतो, त्यांत पडद्यावर दिसायचं ‘क’, पण कॉम्प्युटरच्या आत साठवलेलं असायचं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. फाँट काढून घेतला की मागे उरतो निव्वळ अक्षरांचा गोंधळ, आणि गुगलसारख्या शोधयंत्राला दिसतो तो हा गोंधळ. कितीतरी संस्थांच्या स्मरणिका, साप्ताहिकांचे जुने अंक, बागायतदार संघांची माहितीपत्रकं अशा फाँटमध्ये अडकून पडली आहेत. इंटरनेटवर असूनही ती कुणाला सापडत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. बदलल्यावर मात्र एकदा डोळ्यांखालून घाला. पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप केलेला असायचा. ‘मार्च’चा रफार भलत्या अक्षरावर गेला, की शोधणाऱ्याचा शब्द आणि तुमचा शब्द जुळत नाहीत.

आता लिहायचं काय, हा खरा प्रश्न. याचं उत्तर तुमच्या फोनमध्ये आहे. गेल्या हंगामात गिऱ्हाइकांनी व्हॉट्सॲपवर काय काय विचारलं ते वर सरकवत जाऊन बघा. ‘आंबा तयार पाठवता की कच्चा?’ ‘अढीत किती दिवस ठेवायचा?’ ‘फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का?’ ‘कापल्यावर साका निघाला तर बदलून देता का?’ ‘हा कोकणातलाच कशावरून?’ लोक हेच प्रश्न, याच शब्दांत गुगललाही विचारतात. एकेका प्रश्नाचं तुमच्या अनुभवातलं उत्तर चार-सहा वाक्यांत लिहा. साक्याबद्दल, म्हणजे गरातल्या पांढरट, स्पंजासारख्या खराब भागाबद्दल तर जरूर लिहा. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसच्या गरात तो निघतो, हे तुम्हाला माहीत आहे, पण नागपूरच्या गिऱ्हाइकाला नाही. त्याला वाटतं आपल्याला फसवलं. आणि ‘कोकणातलाच कशावरून’ याचं उत्तर आता पक्कं देता येतं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येण्याचं संरक्षण मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या 5 जिल्ह्यांतल्या आंब्याला. तुमची त्याखाली नोंदणी असेल तर तो नोंदणी क्रमांक पानावर लिहा.

दुसऱ्याच्या वेबसाइटवरून वर्णन उचलून चिकटवू नका. दहा ठिकाणी तोच मजकूर दिसला, की गुगल साधारणपणे त्यातलं एक पान दाखवतं आणि बाकीची बाजूला ठेवतं. 2011 च्या फेब्रुवारीत ‘पांडा’ नावाचा मोठा बदल करून गुगलने पातळ, म्हणजे फारसं काही न सांगणाऱ्या, आणि उचललेल्या मजकुराची पानं खाली ढकलायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून हे धोरण कडकच होत गेलं आहे. पानाच्या तळाशी ‘हापूस, हापूस आंबा, आंबा हापूस’ अशी शब्दांची माळ लावायची जुनी युक्तीही आता अंगाशी येते. लोक इंग्रजी अक्षरांतही शोधतात हे खरं. त्यासाठी इंग्रजीत वेगळं पान करा आणि तेही माणसाने वाचावं असं लिहा.

लिंकबद्दल सांगतो, कारण गुगलचा जन्मच त्यातून झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेली कल्पना अशी, की एका पानाने दुसऱ्याची लिंक देणं म्हणजे त्याच्या बाजूने बोलणं, आणि बोलणारा जितका मोठा तितकं त्याच्या शब्दाला वजन. गावात सोयरीक ठरवताना कुणी शब्द टाकला हे पाहतात, तसंच. आज गुगल इतर पुष्कळ गोष्टीही पाहतं, पण हे वजन अजून संपलेलं नाही. म्हणून लोक लिंका विकत घेऊ लागले, आणि 2012 मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ हा बदल आणून अशांना खाली ढकललं. अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकानसाखळीचंही 2011 मध्ये विकतच्या लिंकांवरून जाहीर वाभाडं निघालं होतं आणि तिची पानं गुगलवर घसरली होती. तुमच्या बाजूने बोलणारे खरे लोक शोधा. तालुक्याच्या बागायतदार संघाची वेबसाइट, बागेत राहून गेलेला प्रवासवर्णन लिहिणारा पाहुणा, तुमची पेटी ठेवणारं दुकान. त्यांना सांगा, आमच्या पानाची लिंक द्या. एवढं सांगायला संकोच कसला?

मोबाइलवर पान झटकन उघडलं पाहिजे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गुगलचं माप आहे. फोनमधून काढलेला फोटो जसाच्या तसा चढवला तर तो चार-पाच एमबीचा असतो. तो आधी लहान करून घ्या.

गुगलच्या नकाशावर तुमच्या बागेची किंवा दुकानाची नोंद नसेल तर ती करा, फुकट आहे. नाव खरं तेच द्या, त्यात ‘सर्वोत्तम हापूस’ वगैरे जोडू नका. आणि अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नका, तसं करणं नियमाबाहेर आहे.

वेळेचंही गणित आहे. पानात केलेला बदल गुगलच्या यादीत उमटायला कधी काही दिवस लागतात, कधी कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही. एप्रिलमध्ये पान लिहून एप्रिलमध्येच ऑर्डरी येतील ही आशा धरू नका. झाडाला मोहोर दिसू लागला की लिहायला बसा. आणि हंगाम संपला म्हणून पान काढून टाकू नका, दरवर्षी नवं पानही करू नका. त्याच पत्त्यावर भाव बदला. ‘या वर्षीचा हंगाम संपला, पुढच्यासाठी नाव नोंदवा’ अशी ओळ पावसाळ्यात ठेवा. वर्षानुवर्षं त्या पत्त्याला मिळालेल्या लिंका आणि जमलेली ओळख मग वाया जात नाही.

शेवटी एक तपासणी, हिला एक मिनिट पुरतं. गुगलच्या खिडकीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला जोडून कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबं, द्या, आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पानं दिसली तर गुगलला तुम्ही माहीत आहात. मग सर्च कन्सोल नावाची गुगलचीच फुकट सेवा सुरू करा. लोक काय शोधताना तुमच्यापर्यंत आले, हे तिथे 16 महिन्यांपर्यंतचं दिसतं. ज्या शोधात तुम्ही दिसता पण कुणी आत येत नाही, त्या पानाचं शीर्षक आधी सुधारा. आणि एकही पान दिसलं नाही, तर ज्याने वेबसाइट बनवली त्याला फोन करून विचारा, ‘शोधयंत्रांनी येऊ नये अशी खूण कुठे राहिली आहे का?’ वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनात त्यासाठी एक छोटी चौकट असते. काम चालू असताना तिच्यात टिक करतात आणि पुढे ती काढायची राहून जाते. ती टिक तेवढी काढायला सांगा.

नमस्कार.