बाळ दूध ओढत नाहीये

हे बाळ चार दिवसांचं आहे. रडत नाही, अंगात ताप नाही, नुसतं पडून आहे. घरातले म्हणतायत किती गुणी बाळ आहे, जराही त्रास नाही... पण काल रात्रीपासून ते दूध ओढत नाहीये आणि तळपाय हाताला गार लागतायत. अशा वेळी एक तासही थांबायचं नसतं.

याला म्हणतात सेप्सिस, म्हणजे जंतू रक्तात शिरून सगळ्या अंगभर पसरणं. मोठ्या माणसाला फणफणून ताप येतो, एवढ्याशा जिवाचं अंग मात्र उलट गार पडू शकतं, म्हणून तापाची वाट बघत बसलात तर वेळ हातातून जातो. रडणं बारीक झालं, हातपाय लुळे पडले, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, कण्हतंय, पोट फुगलंय, नाळेतून पू येतोय, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना.

कुणाला धोका जास्त? पाणी जाऊन १८ तास उलटले तरी बाळंतपण झालं नाही, किंवा कळांच्या वेळी आईला ताप होता, तर जंतू बाळापर्यंत पोचलेले असू शकतात. दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ तर फारच नाजूक, कारण आईकडून मिळणारी रोगप्रतिकारक शक्ती बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांतच वारेतून बाळाकडे जाते आणि ती शिदोरी पुरती मिळायच्या आधीच ते बाहेर आलेलं असतं. अडीच किलोच्या खालचं वजन, नाळेला राख नाहीतर शेण लावणं, चीक पिळून टाकून देणं (हे ऐकलं की जीव तुटतो, त्या चिकातच तर बाळाचं संरक्षण असतं!), न धुतलेले हात. दवाखान्यातही धोका आहेच, सलाईनच्या नळ्या, व्हेंटिलेटर, आणि तिथले काही जंतू आता नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत.

आता गडचिरोलीला जाऊया. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक गोष्ट करून बघितली, जी तेव्हा भल्याभल्यांना धाडसाची वाटली असती. गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना शिकवलं, बाळ कसं तपासायचं, वजन, ताप, श्वास कसे मोजायचे, सेप्सिस कसा ओळखायचा. आईवडील दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्साझोलचं औषध द्यायचं. आधी सेप्सिस झालेल्या १०० बाळांपैकी १६-१७ दगावायची, उपचार सुरू झाल्यावर हा आकडा तीनच्याही खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे सगळं छापून आलं, तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा इथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

यातूनच पुढे देशभर आशाताई घरी येऊन नवजात बाळ बघायला लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

अशाच दुसऱ्या एका घरी बाळाचा आज तिसरा दिवस. आशाताईंनी आल्या आल्या साबणाने हात धुतले, बाळाला झोळीत घालून वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला, आणि मग आईला विचारलं, “काय गं, नीट ओढतंय ना दूध? कालच्यासारखंच ओढतंय की कमी?”